साडूची चकती

"धाकट्या जावयाच्या कामात कुणी खोट काढून दाखवावी!" सासरेबुवा जेवताना एवढंच म्हणाले, आणि थोरल्या जावयाचा घास घशातच अडकला.

सासरेबुवा कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. थोरल्याने लग्न झाल्यापासून त्यांच्या घरचे नळ, पंखे, कड्या, सगळं दुरुस्त केलं होतं, पण गाडी "हं"च्या पुढे कधी सरकली नव्हती. आणि हा धाकटा, परवा घरात आलेला!

"खोट प्रत्येक धातूत असतेच, बाबा," थोरला पाणी पिऊन म्हणाला.

"असते ना. पण धाकट्यांच्या चकतीत नसते. त्यांनीच सांगितलं."

बायकोने टेबलाखालून पाय दाबला, म्हणून तो गप्प बसला. पण पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

दोघे साडू एकाच प्रयोगशाळेत होते. अणुभट्टीतल्या नळ्यांचा धातू किरणांच्या माऱ्यात कितपत तग धरतो, हे तपासायचं त्यांचं काम. धातूत अणू रांगेने बसलेले असतात. मारा सुरू झाला की एखादा जागचा उडतो आणि मागे रिकामी जागा राहते. अशा जागा एकत्र जमल्या की आत पोकळ्या होतात, धातू फुगतो, आणि फुगलेली नळी काय चाटायची? म्हणून आधी बटणाहून लहान चकत्या करून त्यांच्यावर मारा करून बघायचा. धाकटा आपली चकती तापवून, सावकाश निववून अशी तयार करायचा, की आतला अणूनअणू कवायतीला उभा.

दुसऱ्या दिवशी धाकटा चहाला गेला तेव्हा थोरल्याने त्याची डबी उघडली. हेतू वाईट नव्हता, फक्त खोट शोधायची होती. चिमट्याने चकती उचलली, उजेडात धरली, आणि ती सुटली. शोधायला तो एक पाऊल मागे सरला, तर बुटाखाली काहीतरी करकरलं. चकती चांगलीच वाकली होती.

त्याची पाचावर धारण बसली. कोपऱ्यातली हातोडी घेऊन तो चकती सपाट करायला बसला. पहिले ठोके भीतीचे होते. मग सासरेबुवांचं वाक्य आठवलं आणि पुढचे ठोके अगदी मनापासून बसले. चकती पुसून त्याने डबीत ठेवली. आतल्या कवायतीचा पार बाजार झाला असणार, हे त्याला ठाऊक होतं. आता हिच्यात पोकळ्याच पोकळ्या होणार, या विचाराने त्याला अपराधी वाटलं आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

झालं उलटंच. माऱ्यानंतर बाकी सगळ्या चकत्या फुगल्या आणि धाकट्याची तेवढी जशीच्या तशी राहिली.

"कमाल आहे!" सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून प्रमुखबाई म्हणाल्या. "आत रांगा सगळ्या वाकड्यातिकड्या आहेत, म्हणूनच टिकली ही. उडालेले अणू, रिकाम्या जागा, सगळं त्या वेड्यावाकड्या रांगांनीच गिळलं. पोकळी जमणार कशी? तुम्ही हे कसं केलंत?"

टाळ्या पडल्या. धाकटा नुसताच घाम पुसत राहिला. संध्याकाळी तो थोरल्याच्या घरी आला.

"दादा, मी तसलं काहीच केलेलं नाही हो! सोमवारी पुन्हा करून दाखवा म्हणतायत. खोटारडा ठरेन मी."

थोरल्याला आनंद झाला, पण तो टिकेना. ठोके आपले आणि टाळ्या ह्याला, हे काही सहन होईना. सोमवारी तो ताडकन उभा राहिला आणि सगळ्यांसमोर बूट, हातोडी, सगळं ओकून मोकळा झाला.

प्रमुखबाई जराही चिडल्या नाहीत. "चकत्या अशा दाबून काढायच्या यंत्राला मंजुरी मिळायला उशीर आहे. तोवर तुम्हीच ठोका."

साडूची चकती ठोकायची, तीही अधिकृतपणे! पण परवानगी मिळाली आणि त्यातली मजाच गेली. ठोके मिळमिळीत पडले. रांगा जेमतेम हलल्या.

"त्या दिवशी तुमच्या मनात काय होतं?" बाईंनी विचारलं.

थोरला छताकडे पाहू लागला. धाकटा काय ते समजला.

"दादा, काल बाबा मला म्हणाले, मुलगा असता तर तुमच्यासारखाच असता."

ठाण्ण!

"अगदी अस्सं!" बाई ओरडल्या.

मग काम सुरळीत चाललं. धाकटा रोज सकाळी सासरेबुवांचा एक ताजा उद्गार आणायचा, कमी पडला तर पदरचा घालायचा. थोरला दात-ओठ खाऊन ठोकायचा आणि चकत्या उत्तम निघायच्या.

एका सकाळी धाकटा एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून आला.

"आज काय म्हणाले?"

"काही नाही."

"अहो बोला ना, काम खोळंबलंय!"

"म्हणाले," धाकटा भिंतीकडे बघत बोलला, "चूक चारचौघांत कबूल करायला छाती लागते. असा थोरला जावई मिळायला भाग्य लागतं."

थोरल्याचा हात हवेतच थांबला. मग हातोडी चकतीवर अलगद टेकली, बाळाला थोपटावं तशी. त्याला सगळं जग एकदम चांगलं वाटायला लागलं, साडूसुद्धा.

"भाग्य म्हणाले? पुन्हा सांगा हो. नक्की भाग्यच म्हणाले?"

"हातोडी द्या इकडे," धाकटा म्हणाला.

दुपारी प्रमुखबाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या त्या हसतच.

"थेट पहिल्या चकतीसारखी! आज कुणी ठोकली?"