तापल्या लोखंडावरचा हक्क

कनेक्टिकटमधल्या आमच्या गावात असाहेल प्रुइट हा एकमेव लोहार. कुऱ्हाडी तो बापाप्रमाणेच घडवी: लोखंड तापवायचं, ठोकायचं, धारेला पोलाद जोडायचं, मग तापली धार पाण्यात बुडवून कणखर करायची, म्हणजे पाणी द्यायचं. यात काही बेकायदेशीर आहे, हे त्याला मेहुण्याकडून समजलं.

मेहुणा झेबुलन क्रेन राजधानीहून शिक्क्याचा कागद घेऊन परतला. ‘कुऱ्हाडीकरिता लोखंड तापले असता ठोकण्याची नवीन व उपयुक्त रीत’ त्याच्या नावे झाली होती.

“अरे, नोहाच्या आधीपासून लोक गरम लोखंड ठोकतायत!” असाहेल ओरडला.

“ठोकत असतील. पेटंट घेतलं होतं का त्यांनी?”

“कचेरीत कोणी काही विचारलं नाही?”

“विचारलं ना. शपथ घेता का म्हणाले. घेतली.”

हक्क देणं हे कचेरीचं काम. तो खरा की खोटा हे कोर्टाचं. आणि कोर्ट ठरवेपर्यंत तो खराच. व्यवस्था निर्दोष होती.

“कोर्टात जाल तर म्हातारे होऊन याल,” असाहेलची बायको थँकफुल म्हणाली. “त्यापेक्षा तुम्हीही एक आणा.”

असाहेलने ‘पाणी देण्याचं’ पेटंट आणलं. आता झेबुलनकडे ठोकण्याचा हक्क होता, पण कुऱ्हाड पुरी करण्याचा नव्हता. मग गाव जागं झालं. गिरणीवाल्याने भात्याचा वारा आपल्या नावे केला, सुताराने दांड्याचं भोक, मी पाचर. पाळकसाहेबांनी बराच काळ मोह आवरला आणि शेवटी ‘धार तपासण्यासाठी अंगठा फिरवणे’ घेतलं.

हिवाळा तोंडावर आला तेव्हा असाहेल गार लोखंड ठोकत होता, कारण तेवढंच मोकळं होतं. ती कुऱ्हाड पहिल्याच घावाला तुटायची, झाड नाही. ठोकताना त्याचे डोळे पाणावत. थँकफुल म्हणे, “धूर गेला असेल.” भट्टी तर विझलेली.

गावसभा भरली. शेकोटी नव्हती, बाकं जाळायची म्हटली, तर फोडायची कशाने? पाळकसाहेबांनी ठराव मांडला : लोकहितार्थ सर्वांनी आपापले हक्क सोडावेत. एकमताने मंजूर.

असाहेल उठला. “हा माझा,” म्हणाला आणि कागद टेबलावर ठेवला. टाळ्यांनी छप्पर हाललं. काहींचे डोळे भरून आले.

“पुढे कोण?” पाळकसाहेबांनी विचारलं.

प्रत्येकाने शेजाऱ्याकडे पाहिलं. पहिल्या बाकावरच्या शेवटच्या माणसाने मागे पाहिलं. पाळकसाहेबांनी वर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी झेबुलन राजधानीला निघाला. पाणी देण्याचा हक्क बेवारस राहू नये, ही तळमळ. त्याच आठवड्यात असाहेल आणि थँकफुल ऐरण गाडीत घालून ओहायोकडे गेले. निरोपाला गाव लोटलं होतं.

अजून त्यांचा विषय निघतो. “असा माणूस पुन्हा होणे नाही,” आम्ही म्हणतो आणि आपापला कागद कोटाच्या आत छातीशी दाबून धरतो. थंडीत तेवढीच ऊब.

तुम्ही असतात तर सोडला असता, नाही का? या की मग. बाकावर जागा आहे. फक्त शेजारच्याला आधी उठू द्या.