समग्र रॉक अँड रोल, माबेला ते अल् खुवैर

ऐक नुसतं, मध्ये बोलू नकोस. मस्कतमध्ये माणसाला स्वतःचं मत लायसन्स मिळाल्यावरच फुटतं; तोवर त्याला फक्त लिफ्ट असते.

केयूरला तेव्हा, म्हणजे २०१४ साली, लायसन्स नव्हतं. रोड टेस्टला तीनदा नापास. (राउंडअबाउटला तो सगळ्यांना आधी जाऊ द्यायचा; पुणेकराला एवढा चांगुलपणा एकदम झेपत नाही.) माबेल्याहून अल् खुवैरच्या ऑफिसात तो आणि तिथेच काम करणारी मनाली शेजारच्या यशवंतकाकांच्या गाडीतून जायचे. ती गाडी सुटली की नोकरी सुटली, इतका सरळ मामला.

एक दिवस काकांना मिक्सरवर एक खोकं फुकट मिळालं. रॉक अँड रोलच्या कुणा आद्य पुरुषाची पन्नास वर्षांची समग्र कारकीर्द: चार सीडी, शंभर गाणी. वर्गवारी अशी की, गाडीवर एक्केचाळीस, मुलीवर तेहेतीस, गाडीत बसलेल्या मुलीवर सव्वीस. पहिल्या सीडीत तो तरुण, चौथीत म्हातारा, मुलगी तेवढीच. गाडी मात्र दर दशकाला नवी.

चालतं का बघू, म्हणून काकांनी लावलं. तिसऱ्या गाण्यात गिटार गरागरा फिरून जागेवर आली आणि केयूरच्या तोंडून गेलं, "वा." लहानपणी वडील त्याला गाण्याच्या बैठकांना न्यायचे, समेवर दाद चुकली की चिमटा काढायचे. ती सवय.

काकांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग पद्धतच पडली. जाताना तेरा गाणी, येताना तेरा, ट्रॅफिक असेल तर अठरा. दर गाण्याला किमान एक दाद. गिटारच्या वेळी बोलणं बंद आणि एसी एकवर. (ऑगस्टमध्येसुद्धा.)

अकराव्या आठवड्यात मनाली मागून म्हणाली, "काका, हे सगळं एकच गाणं आहे ना?"

दुसऱ्या दिवसापासून मागच्या सीटवर काकांचा डबा बसायला लागला आणि मनाली बरका गावाहून येणाऱ्या शेअर टॅक्सीत. केयूरने दाद दुप्पट केली.

चौथ्या टेस्टला तो पास झाला. (डोक्यात दुसरी सीडी चालू होती, त्यामुळे घाबरायचं सुचलंच नाही.) पेढे घेऊन गेला, तर काकांनी ते खोकंच त्याच्या हातात ठेवलं.

"घे बाबा. तुझी आवड म्हणून पाच महिने सोसलं. ती मनाली तुझ्या आनंदात खोडा घालायची, म्हणून तिलाही नको म्हटलं. आता मी माझी भजनं ऐकायला मोकळा. खलास."

पुढच्या आठवड्यात केयूरने गाडी घेतली. मनाली टॅक्सी सोडून त्याच्या शेजारी येऊन बसली. खोकं समोरच पडलेलं. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि न सांगता पहिली सीडी लावली. तिसऱ्या गाण्यात गिटार फिरून जागेवर आली. मनाली डोळे मिटून म्हणाली, "वा."

केयूरला सगळं सांगून टाकता आलं असतं. त्याने फक्त एसी एकवर केला.

मघापासून नुसती मान डोलावतोयस तू. तुलाही माझ्याच गाडीतून माबेल्याला परतायचंय, माहितीये मला. पण खरं सांग, केयूरच्या जागी तू काय केलं असतंस?