झाड क्रमांक चारशे सतरा

आमच्या चौकातल्या मोकळ्या भूखंडावर सात मजली व्यापारी संकुल उभारण्याचा प्रस्ताव नगर नियोजन कार्यालयात आला आणि त्याची छाननी अगदी नियमानुसार झाली, हे सुरुवातीलाच नमूद केलेले बरे. जागेवर जाऊन पाहणी करावी असे नियमात आहे, पण त्या आठवड्यात ऊन फार होते. म्हणून संकुलाच्या वास्तुविशारदाने आकाशातून काढलेला फोटो जोडला आणि कार्यालयाने तो नकाशावर उतरवून घेतला. फोटोत भूखंडाच्या कोपऱ्यात एक हिरवे वर्तुळ होते. नकाशात हिरवे वर्तुळ म्हणजे झाड. त्यामुळे 'विद्यमान झाडे : एक' अशी नोंद झाली.

ते वर्तुळ म्हणजे किल्लीवाल्याची छत्री. बावीस वर्षे हा माणूस त्या छत्रीखाली स्टुलावर बसून किल्ल्या घासत आला आहे. त्याच्या हातची दुसरी किल्ली नाही असे दार आमच्या वस्तीत शोधून सापडणार नाही. सासूपासून लपवलेल्या कपाटाची किल्लीसुद्धा लोक बिनघोर त्याच्याकडे देत. संकुल आले की आपला कोपरा जाणार, एवढे त्याला कळले, म्हणून तो हरकत नोंदवायला कार्यालयात गेला.

नियोजन अधिकाऱ्यांनी नकाशा उलगडला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

"तुम्ही इथे नाही आहात."

"साहेब, मी रोज तिथेच असतो."

"तिथे झाड आहे."

"ती माझी छत्री आहे."

अधिकारी मनाने चांगले होते. त्यांनी दार लोटले आणि आवाज खाली आणला. "हे बघा, छत्री आहे असं लिहून दिलंत तर उद्या सकाळी गाडी येईल आणि उचलून नेईल. त्याला साधा कागदही लागत नाही. पण झाड असेल तर उद्यान खात्याची परवानगी, जाहीर नोटीस, सुनावणी. कोणाची हात लावायची टाप नाही. घरी विचारून या."

घरी बायको कपडे वाळत घालत होती. तिने सगळे ऐकून घेतले. "झाड म्हणाले ना? मग झाड. अळीमिळी गुपचिळी. बावीस वर्षं माणूस म्हणून बसलात, कोणी विचारलं का?"

किल्लीवाल्याने हरकत नोंदवली नाही. पुढच्या आठवड्यात उद्यान खात्याचे निरीक्षक टेप घेऊन आले. झाड आहे की नाही हे ठरवणे त्यांच्या अखत्यारीत नव्हते, मोजणे होते. त्यांनी छत्रीच्या दांड्याला टेप गुंडाळून लिहिले : खोडाचा घेर अकरा सेंटिमीटर, जात अज्ञात, पानगळ नाही, प्रकृती बरी, दोन ठिकाणी ठिगळ. मग दांड्याला पत्र्याची पट्टी अडकवली : क्रमांक चारशे सतरा. पट्टीखाली बारीक अक्षरांत होते, झाडाखाली व्यवसाय करण्यास सक्त मनाई.

"मग मी करू काय?" किल्लीवाल्याने विचारले.

"सावली द्या," निरीक्षक म्हणाले आणि पुढच्या झाडाकडे गेले.

किल्लीवाला आता कानस मांडीखाली लपवून, चोरून किल्ल्या घासू लागला. तशात संकुलाच्या वाहनतळाचे फाटक नेमके त्याच कोपऱ्यात येत असल्याचे उघड झाले आणि झाड तोडण्याची नोटीस लागली. मग मात्र आमचा हरित मंच पेटून उठला. मी मंचाचा जुना सभासद. आमच्या डोळ्यांदेखत एक झाड जाते म्हणजे काय? तीनशे बारा सह्या गोळा झाल्या. एका रविवारी आम्ही हातात हात घालून छत्रीभोवती कडे केले. मधोमध किल्लीवाला बसला होता. फोटोत तो मध्येमध्ये येत होता, म्हणून त्याला जरा बाजूला व्हायला सांगावे लागले.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरले होते. वास्तुविशारदाने भिंतीवर मोठा फोटो लावला, या वेळी जमिनीवरून काढलेला. "हे झाड नाही, छत्री आहे. खाली माणूस बसलाय. तो हलवायला सुनावणी कशाला?"

आम्ही एकमेकांची तोंडे पाहू लागलो. खरे सांगायचे तर कोणाला धक्का वगैरे बसला नव्हता. आम्ही सगळेच त्याला ओळखत होतो.

मंचाच्या अध्यक्षा उठल्या. "आमची हरकत झाडापुरती आहे. माणसांसाठी दुसरं खातं असेल ना?"

"जरा थांबा," अधिकारी म्हणाले. "छत्री ठरली तर नकाशा चुकला. नकाशा चुकला तर छाननी चुकली. सगळं पहिल्यापासून करावं लागेल. वर्ष जाईल."

वास्तुविशारदाचा चेहरा उतरला. आमचीही पंचाईत झाली. कड्याचा फोटो वर्तमानपत्रात येऊन गेला होता. छत्रीला मिठ्या मारणारे म्हणून आम्हाला गावभर तोंड लपवावे लागले असते.

किल्लीवाला मागच्या रांगेतून उठला. "मी बोलू का?"

"झाडाच्या वतीने मंच बोलतोय," अधिकारी सौम्यपणे म्हणाले. "बसा."

पाच मिनिटांत तोडगा निघाला. सदर जागी झाड असून माणूस नाही, यास उभय पक्षांची संमती आहे, असे निवेदन तयार झाले. त्यावर आम्ही तीनशे बारा जणांनी पुन्हा सह्या केल्या. झाड तोडायचे नाही, शास्त्रोक्त पद्धतीने दुसरीकडे लावायचे, असे ठरले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे ट्रक आला. मुळांभोवतीची माती हलू नये म्हणून किल्लीवाल्याला स्टुलावर स्थिर बसायला सांगितले, आणि छत्री, स्टूल, माती व तो असे सगळे एकत्र उचलून शहराबाहेर कचरा डेपोमागे ठेवले. तिथे माणूस फिरकत नाही. निरीक्षक तेवढे महिन्यातून एकदा जातात आणि 'झाड जगले' असे लिहून येतात.

संकुल झकास झाले आहे. मीही जातो. परवा दुपारी माझी किल्ली कुलपात मोडली आणि घर बंद झाले. संकुलाचे साती मजले पालथे घातले. तिथे नवे दार मिळते, किल्ली कोणी करत नाही. शेवटी दोन बस बदलून डेपोमागे गेलो. छत्रीचा रंग उडाला होता. तो कानस हातात धरून नुसता बसला होता. मला लाज वाटली, पण घरात जायचे होते.

मोडकी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्याने ती निरखून पाहिली, अंगठ्याने पुसली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"दहा मिनिटांचं काम आहे. माणूस असतो तर करून दिलं असतं. पण इथे माणूस नाही, असं तुम्हीच सही करून दिलंय. पान दुसरं, डावीकडून तिसरी सही."

ती पाने कार्यालयाच्या फळ्यावर अजून लावलेली आहेत. मी माझे नाव पाहून आलो. सवडीने तुमचेही पाहून या, आणि तोवर किल्ली जपून वापरा.