जावईबापूंचे पंख

सासऱ्यांच्या बोटीचं नाक थोडं खाली आणायचं, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्याशा कामापायी मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांची पँट भिजेल आणि आमच्या गादीला कायमचा ग्रीसचा वास लागेल, असं मला कोणी आधी सांगितलं असतं, तरी पटलं नसतं. (मला एरवीही फारसं काही पटत नाही. भूमिकाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते माझा मूळ आजार हाच आहे.)

माझे सासरे मनोहरराव एसटीत कंडक्टर होते. उमरेड-नागपूर गाडीत त्यांनी सगळी नोकरी घंटी वाजवण्यात काढली. गाडी मात्र कायम दुसऱ्यानेच चालवली. ते निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता माणूस आराम करेल. त्यांनी उमरेडजवळच्या तलावावर एक जुनी फायबरची बोट घेतली, तिच्या मागे लावायचं छोटं इंजिन घेतलं, आणि जाहीर केलं, "आता स्टिअरिंग माह्या हातात." (या इंजिनाला स्टिअरिंग नसतं, नुसता दांडा असतो. पण ते मी बोललो नाही. सुधारणेची आवड मला आहे, पण माणसाच्या स्वप्नाला पाना लावू नये.)

दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांना तलावाची चक्कर मारून आणायची, असा त्यांचा बेत होता. तलाव मच्छीमार संस्थेकडे. त्यामुळे अध्यक्ष शालिकराम आधी स्वतः बोटीत बसणार, त्यांना ठीक वाटलं तर परवानगी देणार, नाही तर बोट कायमची काठावर. आणि बोटीत एक खोट होती. रेस दिली की मागचा भाग पाण्यात बसायचा आणि नाक वर उठायचं. चालवणाऱ्याला समोर तलाव दिसायचा नाही, ढग दिसायचे. सासरे कंडक्टरच्या सवयीने मान बाहेर काढून बाजूने बघायचे. अध्यक्षांसमोर असं झालं असतं, तर सासऱ्यांचं स्टिअरिंग पुन्हा गेलं असतं.

म्हणजे प्रश्न इंजिनियरिंगचा होता, आणि घरात इंजिनियर एकच. मी. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघतो. शिवाय मी तत्त्वाचा माणूस आहे. आमचं लग्न विहारात अगदी साधेपणाने झालं, आणि तिथे मी छोटंसं भाषणही केलं. (भूमिकाच्या मते छोटंसं नव्हतं. आचारी दोनदा डोकावून गेला.) मी म्हणालो, "जावई म्हणून मला कसलाही मान नको. मला घरचा मुलगा समजा. चुकलो तर तोंडावर सांगा." टाळ्या पडल्या. सासूबाईंनी, म्हणजे रुखमाबाईंनी, डोळे पुसले आणि जेवताना मला पंगतीतलं सर्वांत मोठं ताट वाढलं.

तेव्हापासून त्या घरात मी एकदाही चुकलेलो नाही. एकदा मी गाडी मागे घेताना त्यांचं गेट पाडलं, तर सासूबाई म्हणाल्या, "ते गेट तसंही मधातच होतं, जावईबापू." अशा वातावरणात समता आणायची कशी, मला कळेना.

तर बोट. इंटरनेटवर शोधता शोधता मला उपाय सापडला. इंजिनाच्या खालच्या टोकाला पाणी कापणारा पंखा असतो. त्याच्या लगेच वर एक आडवी पट्टी असते. त्या पट्टीला दोन्ही बाजूंनी विमानाला असतात तसे दोन पंख बसवायचे. वेग आला की पाणी पंखांना उचलतं, पंख बोटीचं बूड उचलतात, आणि बूड वर म्हणजे नाक खाली. इतकं सुंदर तत्त्व वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पंख ऑनलाइन मागवले.

इंजिन गाडीच्या डिकीत घालून मी नागपूरला आमच्या फ्लॅटवर आणलं. दिवाळी जवळ आलेली, कूलर माळ्यावर गेलेला, त्यामुळे बेडरूममध्ये कूलरचं लोखंडी स्टँड रिकामं होतं. त्यात पलंगावरची गादी दुमडून घातली आणि इंजिन डोक्यावर उभं केलं. डोकं गादीत, पंखा छताकडे. ड्रिल मारायला याहून सोयीची जागा नाही.

भूमिका कामावरून आली आणि दारातच थांबली.

"हे काय करून राहिला तू?"

"बाबांची बोट वाचवून राहिलो."

"ते आपल्या गादीवर काहून वाचवून राहिला?"

"इंजिनाला ओरखडा नको पडायला."

"अन् आपण कुठे झोपायचं?"

सुधारकाच्या घरच्यांना थोडं सोसावं लागतं, हे मी तिला समजावलं. त्यावर ती जे म्हणाली ते इथे देत नाही.

पंखांसोबत सूचनांचा कागद होता. मी सूचना वाचणाऱ्यातला नाही. आणि गरजही नव्हती. पंखावर एक ठळक लाल बाण होता. ही बाजू वर, एवढाच त्याचा अर्थ. बाण छताकडे केला आणि बोल्ट आवळले.

"नीट लागले ना?" भूमिकाने गादीकडे बघत विचारलं.

"बाण बघ. वर आहे की नाही?"

तिने बाण बघितला. छत बघितलं. "वर आहे," ती म्हणाली.

रविवारी आम्ही तलावावर इंजिन बोटीला लावलं. सासूबाईंनी पाहुण्यांसाठी सांबारवडीचा, म्हणजे कोथिंबीरवडीचा, डबा भरून आणला होता. शालिकराम पांढरीशुभ्र पँट घालून आले. सगळ्यांनी लाइफ जॅकेट चढवली. बोटीच्या मागच्या अर्ध्या भागावर ताडपत्रीची सावली केली होती, आणि नागपूरकडचा माणूस ऊन असताना सावली सोडून दुसरीकडे बसत नाही. त्यामुळे शालिकराम मागे, सासूबाई मागे, भूमिका मागे. माझ्यासाठी इंजिनाला लागून खास उशी ठेवली होती. समोर कोण, तर सांबारवडीचा डबा.

सासऱ्यांनी रेस दिली. नाक उठलं.

नेहमीपेक्षा जास्त उठलं. समोरचा डबा घसरत आला आणि शालिकरामांच्या पायाशी थांबला.

"मनोहर, समोर काय दिसून राहिलं?" शालिकरामांनी विचारलं.

"आभाळ आहे, अध्यक्षसाहेब."

"अन् तलाव?"

"तो असनच खाली."

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. "जावईबापू, हे असंच राहते काय?"

"वेग कमी पडतोय," मी म्हणालो. "पंख वेगावरच काम करतात. अजून द्या."

त्यांनी अजून दिली. बोट जवळजवळ भिंतीसारखी उभी झाली. पाणी मागच्या कडेला टेकलं. सासूबाईंनी एका हाताने ताडपत्रीचा बांबू आणि दुसऱ्या हाताने डबा धरला.

"अजून?" सासऱ्यांनी विचारलं.

"अजून," मी म्हणालो. (तत्त्वाचा माणूस मागे फिरत नाही.)

पण सासऱ्यांचा धीर सुटला आणि त्यांनी रेस एकदम सोडली. बोट थबकली. मागून येणारी आमचीच लाट मात्र थबकली नाही. ती कडेवरून आत आली आणि थेट शालिकरामांच्या मांडीवर बसली. पाठोपाठ दुसरी लाट वाट बघत होती.

त्या क्षणी सासऱ्यांच्या आतला कंडक्टर जागा झाला.

"चला, समोर सरका," ते गरजले. "समोर सगळी गाडी खाली आहे. मागे गर्दी करू नका. ओ दादा, तुमालेच सांगून राहिलो, समोर व्हा."

या आवाजापुढे त्या भागात कोणाचं काही चालत नाही. सगळ्यांनी आयुष्यभर तो ऐकलेला. शालिकराम सगळ्यांत आधी सरकले. भूमिका सरकली, सासूबाई डब्यासकट सरकल्या, आणि उशी छातीशी धरून मीही सरकलो आणि अगदी टोकाला जाऊन बसलो.

नाक खाली आलं. शांतपणे, सरळ, एखाद्या शहाण्या माणसासारखं. सासऱ्यांनी जपून रेस दिली आणि बोट पाण्यावरून सुळकन निघाली. त्यांना पहिल्यांदा समोरचा तलाव दिसला. सगळा. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी (तलावाचं असेल), आणि हात दांड्यावर. त्यांनी एक चक्कर मारली. मग कोणी न सांगता दुसरी मारली. शालिकराम ओल्या पँटमध्ये सांबारवडी खात म्हणाले, "मस्त चालवतो बे मनोहर." सासरे असे हसले की मीसुद्धा माझे पंख विसरलो.

काठावर येऊन इंजिन वर उचललं, तेव्हा पंखांची आठवण झाली. लाल बाण थेट चिखलाकडे बघत होता. डोक्यावर उभ्या इंजिनाला मी बाण वर करून बसवला होता. इंजिन सरळ झालं आणि माझे पंख बूड उचलायचं सोडून बूड बुडवायला लागले होते.

"मले सकाळीच दिसला होता बाण," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"मलेही," सासरे म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"जावईबापूनं लावला, म्हटलं काहीतरी सायन्स असन."

"मी तर बोटीत चढतानाच पाह्यला," शालिकराम म्हणाले. "पण दुसऱ्याच्या जावयाले आपण कसं बोलावं?"

आता मात्र मला राहवेना. ओल्या मोज्यांनी मी काठावर उभा राहिलो. "लग्नात मी काय सांगितलं होतं?" मी म्हणालो. "मान देऊ नका, चूक तोंडावर सांगा. या खोट्या मानामुळे आज पाच माणसं बुडाली असती. समता म्हणजे..."

"तू येडा हायेस काय गा?" सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना स्वतःलाही धक्का बसला असावा. पण एकदा दार उघडल्यावर त्या थांबल्या नाहीत.

"इंजिन उलटं ठेवून कोणी बाण पाह्यते काय? अन् पाणी आत येऊन राहिलं तरी अजून द्या, अजून द्या. अन् ते गेट मधात नव्हतं. ते गेट जागेवरच होतं."

मी भूमिकाकडे बघितलं. ती हसू दाबत होती. लग्नानंतरच्या दीड वर्षात पहिल्यांदा मला त्या घरात तू म्हटलं गेलं होतं, घरच्या पोरासारखं गा म्हटलं गेलं होतं, येडा म्हटलं गेलं होतं. इतका आनंद मला पदवी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

शालिकरामांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. सावली समोर घ्यायची, आणि चक्कर मारताना नाकावर कोणीतरी वजनदार माणूस बसायचा. हे बोलताना सगळे माझ्याकडे बघत होते. (मी थोडा अंगाने भरलेला आहे.) पंख सरळ करून लावतो, असं मी तीनचारदा सुचवून बघितलं. पण सासूबाईंनी ते स्वयंपाकघरात नेले होते. त्यांवर गरम भगोनं, म्हणजे पातेलं, छान बसतं म्हणे.

दिवाळीची सुट्टी लागली. बोट भरून जायला लागली आणि मी नाकावर बसायला लागलो. माझ्यावाचून बोट चालत नाही, असं मी कारखान्यात सगळ्यांना सांगत असे. ते तांत्रिकदृष्ट्या खरंही होतं.

मग एका रविवारी मला कारखान्यात जावं लागलं. सुटल्यावर मी धावतपळत तलावावर पोचलो. मनात एकच चिंता, माझ्यावाचून बोट उभी असेल, पर्यटक परत गेले असतील. बघतो तर प्रवासी बसलेले, बोट निघण्याच्या तयारीत. माझ्या जागी वाळूच्या दोन गोण्या, त्यांना माझं लाइफ जॅकेट घातलेलं आणि पाठीला माझी उशी लावलेली.

सासऱ्यांनी मागून आवाज दिला, "जावईबापू समोर नीट बसवले का वं?"

"बसवले," काठावरून सासूबाई म्हणाल्या. मग मी दिसलो. "तू बाजूले हो गा, बोट निघून राहिली."

"म्हणजे या गोण्यांना तुम्ही जावईबापू म्हणता?"

"मंग काय म्हणावं?" सासूबाईंनी पदराने हात पुसले. "वजन तुह्याएवढंच आहे, अन् काही सुधरवत नाही."