पाइन गल्लीच्या भुतांनी मौन मोडिले त्याची हकीकत

श्री. मिनेसोटा मुलखी, मौजे टोर्स्बी, पाइन गल्ली येथे हॅलोविनचे सणी जे वर्तमान घडले ते येथे लिहिले असे. पदरचे काही घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

त्या गल्लीची रयत स्वभावे थंड. एकाने हात हलवावा, दुजाने हनुवटी हलवावी, इतकाच उभयपक्षी व्यवहार. हवापाण्यापलीकडे बोलणे म्हणजे बेअदबी. तेथे श्रीमंत मार्लिसबाई एन्गेब्रेट्सन, शाळेच्या बसच्या निवृत्त सारथी, बुलंद आवाजाच्या धनी, यांस खबर लागली की समोरील ऑर्विलसाहेब त्वेट, ज्यांचे कुटुंब त्वेटबाई गतसाली वारल्या, ते घर विकून अॅरिझोना प्रांती लेकीकडे जाणार, आणि कोणाशी शब्द न बोलता जाणार. बाईसाहेब कष्टी जाहल्या, आणि मग संतापल्या, कारण गल्लीने ऑर्विलसाहेबांस एकदाही बरे आहात का म्हणोन पुसले नव्हते, आणि खुद्द बाईंनीही पुसले नव्हते.

मग मेजवानीची मसलत आरंभिली. फर्मान सुटले की प्रत्येकाने चादर पांघरोन भूत होऊन यावे, नाव सांगो नये, आणि जिवंत माणसांविषयी एक तक्रार भर दरबारी मांडावी; न मांडील त्यास भोपळ्याच्या वड्या मिळणार नाहीत. बाईंचे यजमान वर्लिनसाहेब गर्भगळीत जाहले.

"अगं मार्लिस, इथली माणसं पाय तुडवला तरी आपणच माफी मागतात. तक्रार कसली करतायत!"

"तू गप बस आणि चादरीला भोकं पाड."

साहेबांनी नेमकी नवी चादर फाडिली, त्यावरून घनघोर चकमक जाहली, ती असो.

सणाचे सायंकाळी भुतांची फौज दाखल जाहली आणि भिंतीस पाठ लावोन उभी राहिली. कोणी चकार शब्द काढीना. बाईसाहेबांचा धीर सुटो लागला, इतक्यात रबरी बूट घातलेले एक ठेंगणे भूत खाकरले.

"म्हणजे, फार काही नाही हं... पण कोणीतरी भल्या पहाटे बर्फ उडवायचं मशीन चालवतं."

"ते भूत मीच," असे वर्लिनसाहेब चादरीआडून कबूल जाहले, आणि चादरी हसोन हालो लागल्या. मग बांध फुटला. एक भूत वदले की चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतर जे मिळते त्यास कॉफी म्हणणे पाप आहे. ती कॉफी बाईसाहेबच करीत. परंतु तो घाव त्यांनी निमूट सोसिला.

शेवटी एक उंच भूत पुढे आले. त्याची चादर निळ्या फुलांची, आणि तीस भोके नव्हती. ते चाचपडत चालले. ती चादर सारे ओळखीत, कारण त्वेटबाई हयात असता उन्हाळाभर ती अंगणी दोरीवर वाळे. तीस कात्री लावणे ऑर्विलसाहेबांच्याने जाहले नव्हते.

"तुम्ही जेवण पायरीवर ठेवता, बेल वाजवता आणि पळता," भूत म्हणाले. "मी दार उघडतो तर कोणी नाही. भूत मी आहे का तुम्ही? आणि ते टूना मासा घातलेल्या शेवयांचं जेवण पुरे आता. कोणीतरी आत येऊन बसा."

मग रबरी बुटांच्या भुताने चादर उतरविली. त्या लोरेनबाई स्कार निघाल्या.

"टूना माझा होता. मला वाटलं, तुम्हाला एकटं राहायचं असेल."

"विचारलं होतंत?"

"नाही." बाई बुटांकडे पाहो लागल्या. "कॉफी कधी टाकता?"

"दुपारी."

"बरं. येते उद्या."

त्या मुलखी इतके बोलणे म्हणजे महापूर. मार्लिसबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसिले आणि कांदा नसता कांद्यावर आळ घातला.

दुसरे दिवशी दुपारी लोरेनबाई ऑर्विलसाहेबांकडे गेल्या, आणि मागोमाग हळूहळू सारी गल्ली गेली, आणि बसली, आणि उठेना. अॅरिझोनाची स्वारी वसंतापर्यंत तहकूब जाहली. दिवेलागण होऊन गेली तेव्हा ऑर्विलसाहेबांनी दार सताड उघडोन हुकूम फर्माविला की, "पुरे झालं, घरी जा आता, उद्या या."

येणेप्रमाणे पाइन गल्ली फत्ते जाहली.