हैसमला दिसत नाही हो!

हैसमला नीट दिसत नाही, ही बातमी आमच्या गल्लीत पहिल्यांदा फोडली ती त्याच्या आईनेच. बाल्कनीत कपडे वाळत घालता घालता इन्शिराहबाईंनी समोरच्या खैरियाला गळा काढून सांगितलं, "दोन बोटं दाखवली तर तीन म्हणतो गं! काय करू मी या पोराचं?" आणि त्याच सकाळी, तिकडे कैरोत, हवाई अकादमीच्या डॉक्टरांनी हैसमच्या कागदावर लिहिलं होतं, 'दृष्टी उत्तम.'

आता यात बाईंना हसू नका. तीन वर्षांपूर्वी पोराला शाळेत सत्त्याण्णव टक्के मिळाले, तेव्हा त्यांनी याच बाल्कनीतून अख्ख्या दमनहूर गावाला ऐकू जाईल अशी आनंदाची किलकारी ठोकली होती. दुसऱ्या दिवशी पोरगा जिन्यावरून पडला आणि हात मोडून घेतला. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला. पोराचं चांगलं झालं की तोंड पाडायचं आणि काहीतरी वाईट सांगायचं, म्हणजे दृष्ट लावणाऱ्याला लावायला काही उरतच नाही.

हैसमला लहानपणापासून एकच वेड, प्रवासी विमान चालवायचं. पण उडायला शिकवणाऱ्या खासगी शाळेची फी ऐकून त्याचे वडील फत्ही खुर्चीतच बसून राहिले होते. पोस्टातल्या कारकुनाने आपलं घर आणि गावाकडची म्हैस विकली असती, तरी विमानाचं पुढचं चाकसुद्धा उचललं गेलं नसतं. म्हणून पोराने ठरवलं, आधी लष्करात जायचं, त्यांची विमानं उडवायची, आणि तिथली वर्षं पुरी झाली की प्रवाशांची. "लष्कर शिकवतं, जेवायला घालतं, वर बूटही देतं," तो म्हणाला. "आणि आईपासून लांब ठेवतं," फत्ही हळूच म्हणाले, "ते पहिलं सांग."

मग काय, पोरगा अकादमीत एकेक चाचणी पास होत गेला आणि गल्लीत त्याला एकेक आजार होत गेला. धावण्यात पास झाला, त्या दिवशी त्याला दमा लागला. गरगर फिरणाऱ्या खुर्चीतून उतरूनही ताठ उभा राहिला, तेव्हा आईने जाहीर केलं की स्टुलावर चढला तरी त्याला घेरी येते. पोहण्यात पहिला आला, तर म्हणे अंघोळीच्या बादलीला घाबरतो!

गल्ली आमची मायाळू. खैरिया रोज बाल्कनीतून खाली सोडलेल्या टोपलीत डोळ्यांसाठी गाजरं टाकायची आणि इन्शिराहबाई दोरीने टोपली वर ओढून घ्यायच्या. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या शहाताने तर आपल्या वारलेल्या वडिलांचा चष्माच आणून दिला. तो घालूनच हैसमने गल्लीतून जायचं, असा घरचा हुकूम होता.

"आई, याने मला खरंच काही दिसत नाही!"

"मग छानच. घाल."

एका दुपारी फत्ही पोस्टातून धापा टाकत आले. "अगं, ऐकलंस का? आता फक्त मुलाखत आणि चौकशी राहिली."

"कसली चौकशी?"

"अकादमीचा माणूस येतो, साध्या कपड्यात. पोरगा कसा, घर कसं, ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो."

बाईंच्या हातातला डाव मुलूखियाच्या पालेभाजीच्या पातेल्यात बुडाला. "शेजाऱ्यांना?"

"नाहीतर काय तुला विचारणार?"

बाई तशाच ओल्या हाताने खैरियाकडे धावल्या. "खैरिया, ऐक. माझा हैसम ठणठणीत आहे गं. घारीसारखे डोळे आहेत त्याचे. दमाबिमा काही नाही!"

खैरियाचे डोळे पाण्याने भरले. तिने बाईंना छातीशी धरलं. "हो गं बाई, हो. ठणठणीतच आहे. आईच्या जिवाला असंच वाटतं."

"अगं खरंच!"

"कळतं मला सगळं. तू बस, मी पुदिन्याचा चहा टाकते."

बाई तिथून शहाताकडे गेल्या. शहाताने सगळं ऐकलं, इस्त्री बाजूला ठेवली आणि गंभीरपणे विचारलं, "डॉक्टरांनी इतकं वाईट सांगितलं का हो?"

गुरुवारी तो माणूस आला. रिफअत नाव, जाड भिवया, काखेत वही. आधी इस्त्रीच्या दुकानात गेला आणि हैसमबद्दल विचारू लागला. सरकारी वही पाहून शहाताच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा अपंगांना मदत देणाऱ्या खात्याचा! बिचाऱ्या पोराचं भलं होत असेल तर आपण कशाला कमी पडायचं? त्याने खैरियाला हाक मारली, खैरियाने अजून चौघींना. तासाभराने रिफअतसाहेब जिना चढून वर आले तेव्हा त्यांची अर्धी वही भरली होती.

चहा समोर आला. साहेबांनी वही उघडली.

"मुलगा उजव्या डोळ्याने आंधळा, डाव्याने अंदाजाने चालतो. बरोबर?"

"या अल्लाह," फत्ही पुटपुटले.

"जिना चढताना इस्त्रीवाला त्याला कडेवर घेतो. समोरच्या बाई भरवतात. बादली पाहिली की किंचाळतो." साहेबांनी पान उलटलं. "आणि हा मुलगा लढाऊ विमान चालवणार?"

नेमका तेव्हाच हैसम आला. शहाताच्या वडिलांचा चष्मा नाकावर. तो टेबलाला धडकला, चहा साहेबांच्या पँटवर सांडला आणि हैसमने कपाटाला सलाम ठोकला.

"काढ तो मेला चष्मा!" बाई किंचाळल्या.

हैसमने चष्मा काढला, वही पाहिली, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "साहेब," तो म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही व्हायचंही नाही. हवं तर खिडकीत उभा राहून त्या मिनारावरचं कबुतर कुठल्या पायाने लंगडतंय ते सांगतो."

"कुठल्या?"

"डाव्या."

साहेब उठून खिडकीशी गेले, डोळे किलकिले केले. त्यांना कबुतरच दिसेना. इकडे इन्शिराहबाई जमिनीवर बसून रडू लागल्या होत्या. "माझ्याच जिभेने घात केला हो! दृष्ट लागू नये म्हणून मीच सगळं पसरवलं. काय शिक्षा करायची ती मला करा, पण पोराचं नाव खोडू नका."

साहेब परत येऊन बसले. ओल्या पँटीकडे पाहिलं, मग वहीतली ती पानं शांतपणे फाडून घडी करून खिशात घातली.

"डॉक्टरांचे कागद माझ्याकडे आहेत, बाई. डोळे तपासायला मी येत नाही, घर बघायला येतो. ज्या घरासाठी सगळी गल्ली खोटं बोलायला धावते, त्या घराबद्दल मला आणखी काही विचारायचं नाही. मुलाखतीला वेळेवर ये रे. आणि तो चष्मा घरी ठेव."

बाईंनी डोक्यावरच्या ओढणीने डोळे पुसले. आनंदाची किलकारी अगदी ओठांवर आली होती, पण त्यांनी ती गिळली. साहेब दाराशी पोचले तेव्हा त्यांनी नुसतं विचारलं, "तुम्हाला मूलबाळ?"

"एक मुलगा आहे." साहेबांचा चेहरा पडला. "अगदी ढ. अभ्यासात लक्ष नाही, कसलाच उपयोग नाही."

बाईंचे डोळे लकाकले. "अरे वा! इंजिनिअरिंगच्या कितव्या वर्षाला?"

साहेबांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यांनी दाराच्या लाकडी चौकटीवर हात घट्ट टेकवला.

"तिसऱ्या," ते कुजबुजले. "पहिला आलाय."