माणिक डॉक्टर आणि गालातली काडी

आजवर बायकोलाही सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. थोरल्या भावाच्या नावानं तपासणीला गेलेली लाळ माझी होती.

पण त्यासाठी अहमदपूरचे माणिक डॉक्टर माहीत हवेत. हा माणूस चहासुद्धा चौकशीशिवाय पाजत नाही. "चहा घेतला की जागतोस का घोरतोस?" डोकेदुखी घेऊन जा, विचारणार, "मावशीला कोणती गोळी सोसली नव्हती?" मावशी वारलेली असली तरी सुटका नाही. "गोळी एकच असते हो, अंगं निराळी. आधी अंगाला विचारू!" एकदा लग्नात भटजींनाच रक्तदाबाच्या गोळीवरून विचारत बसले, अन् अक्षता खोळंबल्या.

दादाच्या हृदयात स्टेंट बसला. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळी सुरू झाली. माणिक डॉक्टर म्हणाले, "काहींच्या अंगात ही गोळी कामालाच लागत नाही. ते जन्मापासूनच ठरलेलं असतं. दादांच्या गालातून ही कापसाची काडी फिरवून आणा, लाळेवरून तपासू." काडी ठेवायच्या नळीवर दादाचं नाव त्यांनी स्वतः घातलं.

दादा मुखेडजवळ गावी राहतो. काडी बघून भडकलाच. "दुखणं छातीत हाय अन् काडी तोंडात? लई शहाणा हाय तुझा डॉक्टर! न्हाई घालत, जाय." अन् म्हशीकडं निघून गेला.

मुखेडच्या बसस्टँडवर मी ती काडी माझ्याच गालातून फिरवली. सख्खे भाऊ, रक्त एकच, असा हिशोब. मी शाळेत विज्ञान शिकवतो!

अहवाल उत्तम आला, गोळी तीच राहिली. पुढं दादाच्या छातीत पुन्हा कळ आली. नांदेडला नेलं, थोडक्यात वाचला. माणिक डॉक्टर काडी घेऊन तिथं हजर. या वेळी दादानं गुमान तोंड उघडलं. त्याच्या अंगात ती गोळी काहीच काम करत नव्हती. औषध बदललं, अन् दादा आता बाजारात वांग्याच्या भावावरून भांडण्याइतका ठणठणीत आहे.

तो घरी आल्यावर डॉक्टर एसटीनं गावी आले. हात जोडून म्हणाले, "दादा, एकाच माणसाचे दोन अहवाल निराळे येत नसतात. पहिल्या वेळी माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली. माफ करा."

दादानं एकदाच माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, "जाऊ द्या हो डॉक्टर. भाकर खाऊन जा."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी डॉक्टर गावी येतात, दादाची नाडी धरून उगाच बसून राहतात. त्यांच्या घरी वाट पाहणारं कुणी नाही. नळीवर नाव आता पेशंटलाच घालायला लावतात. म्हणतात, "माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही."

त्यांचा हात चुकला नव्हता. हे त्यांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.